चौथा रकाना

कुठलंही दार दिसलं की त्याचा उजवा अंगठा आधी कडेच्या रबरावरून फिरायचा. कोल्डरूमचं दार असो, आमच्या घरच्या फ्रिजचं असो, नाहीतर कुणाच्या नव्या गाडीचं. अंगठा एका जागी थांबला की म्हणायचा, "इथून जातंय." काय जातंय ते सांगायचा नाही. आपण समजायचं, थंडी.

वेस्टमीडच्या एका प्रयोगशाळेत मी साठ्याच्या नोंदी ठेवतो. तिथले फ्रीझर आणि कोल्डरूम तो सांभाळायचा. मूळचा सोलापूरचा. पंचवीस वर्षांपूर्वी इथे परदेशात शिकायला आला आणि राहिला. आम्ही दोघंही टूनगॅबीचे, त्यामुळे सकाळची ट्रेन एकच. वेस्टमीड तिसरं स्टेशन, जेमतेम आठ मिनिटांचा प्रवास. एवढ्या वेळात तो जुन्या ध्रुवप्रवाशांची एक अख्खी मोहीम बसवायचा. पेंडल हिलला जहाज बर्फात अडकायचं, वेंटवर्थव्हिलला कुत्री संपायची आणि वेस्टमीडला उतरताना वाचले किती, गेले किती, ते कळायचं. मला तो हिशेब आवडायचा.

एक गोष्ट त्याने तीनदा तरी सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी पाच जण दक्षिण ध्रुवावर पोचून परत निघाले. वाटेत ठरावीक अंतरांवर अन्नाचे आणि रॉकेलचे साठे ठेवलेले होते. साठ्यापाशी यावं तर डबे भरले होते त्यापेक्षा हलके. थंडीने झाकणांची चामड्याची वायसरं आकसली होती आणि रॉकेल उडून गेलं होतं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, पाणीही नाही. शेवटचे तिघं तंबूतच गेले. पुढचा साठा तिथून अठरा किलोमीटरवर होता. हा आकडा मी घरी जाऊन तपासला. बरोबर निघाला.

"हिंमत होती, ताकद होती," तो म्हणायचा. "वायसर नव्हतं."

कामातल्या वस्तूचीच पुढे ओढ लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्याला थंडीची ओढ लागली होती, आणि थंडी तर त्याला सोसायची नाही. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, टूनगॅबीच्या फलाटावर माकडटोपी घालून उभा राहणारा तो एकटाच. त्याची बायको म्हणायची, "घरी एसी लावला की हा गोधडी काढतो, आणि म्हणे अंटार्क्टिकाला जायचंय." मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणायची, "डॅड, इट्स जस्ट आइस."

मी एकदा सरळ विचारलं, "पण कशाला जायचंय?"

"वीस वर्षं वीज जाळून थंडी तयार करतोय. जिथे ती फुकट पडलीये ती जागा एकदा बघू दे की."

"तिथे फ्रिजवाल्याचं काय काम?"

"तिथे बटाटे गोठू नयेत म्हणून खोली गरम ठेवावी लागते. काम तेच, फक्त उलटं."

अंटार्क्टिकावरच्या तळावर वर्षभरासाठी मेकॅनिक घेतात. वयाची पन्नाशी जवळ आल्यावर त्याने अर्ज करायचं ठरवलं, आणि त्याच उन्हाळ्यात ते एक्केचाळीस मिनिटांचं प्रकरण झालं.

वजा तीसच्या कोल्डरूममध्ये एकट्याने जायचं नाही, असा आमचा नियम. दाराबाहेरच्या रजिस्टरला चार रकाने आहेत: नाव, आत, बाहेर, सोबत कोण. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी रजिस्टर पाहिलं. त्याचं नाव. आत दोन दहा. बाहेर दोन एक्कावन्न. चौथा रकाना रिकामा.

तो कँटीनमध्ये चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. जाकीट अजून अंगावर, ओठ निळे.

"बॉलपेन सहा मिनिटांत बंद पडलं," तो म्हणाला. "पेन्सिल शेवटपर्यंत चालली. म्हणून ते लोक डायऱ्या पेन्सिलने लिहायचे."

"दार अडकलं असतं तर?"

"आतून उघडतं ते. मीच बसवलंय."

"आणि तू आत पडला असतास तर?"

त्याने चहा संपवला.

"मग सोबतीला कुणाचं तरी नाव टाकायचं होतंस."

"कुणी नव्हतं, तर नाव कसं टाकू?"

मी हे वरती कळवलं नाही. कळवायला हवं होतं.

मुलाखत झाली, तब्येतीच्या तपासण्या झाल्या. चौकशीसाठी त्याने माझं नाव दिलं होतं. होबार्टहून, तळाच्या भरतीच्या ऑफिसमधून, एका बाईंचा फोन आला. त्याच्या कामाबद्दल मी चांगलं तेच सांगितलं, कारण दुसरं काही नव्हतंच. शेवटी त्यांनी विचारलं, "सुरक्षेचा नियम त्याने कधी मोडल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

नाही म्हणायला एक सेकंद पुरला असता. मी म्हणालो, "एकदा. एक्केचाळीस मिनिटं." सगळं सांगितलं, त्याने वेळा खऱ्या लिहिल्या होत्या, तेही सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याला नकार आला.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये मीच विषय काढला. पेंडल हिल गेलं, वेंटवर्थव्हिल गेलं. तो खिडकीच्या रबरावर अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "मिनिटं बरोबर सांगितलीस ना?"

"एक्केचाळीस."

"मग ठीक."

पण ठीक नव्हतं. पुढचे चार दिवस तो दुसऱ्या डब्यात चढला. पाचव्या दिवशी शेजारी येऊन बसला, माकडटोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ती चामड्याची वायसरं बसवणारा माणूस वाईट नसणार रे. त्याला वाटलं असेल, एवढ्याने काय होतंय."

 वेस्टमीड आलं.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा माझंच नाव दिलं.

"दुसरं कुणी नाही का मिळालं?" मी म्हणालो.

"मिळतील की. पण सगळे वाढवून सांगतात. तू असेल तेवढंच सांगतोस."

त्याची बायको म्हणाली, "जाऊ दे त्याला या वर्षी. नाहीतर जन्मभर मलाच ऐकावं लागेल."

होबार्टच्या बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं आणि पुढचं जोडलं: त्यानंतर त्याच्या दोनशे बारा नोंदी झाल्या आहेत, चौथा रकाना एकदाही रिकामा नाही. मी मोजल्या होत्या. पलीकडे त्यांनी आकडा टिपून घेतला. मग त्या थँक यू म्हणाल्या.

या वेळी होकार आला. तो तळावर गेला त्याला आता आठ महिने झाले. माकडटोपी घरीच राहिली, कपडे तिकडचे मिळतात. त्याच्या जागी आलेला मुलगा कामाला चांगला आहे. दाराला हात लावत नाही, मीटर लावून बघतो. ट्रेनमधली आठ मिनिटं मला हल्ली लांब वाटतात.

परवा सकाळी पेंडल हिलला फोन वाजला. तळावरून त्याचा मेसेज होता. खुशाली नाही, फोटो नाही, एकच ओळ:

"बाहेर २.१०. आत २.५१. वजा एकतीस. सोबत दोघे."