‘दूरस्थानक’ संपलं, थिअऱ्या राहिल्या

अंतराळातल्या एका स्थानकावर घडणारी ‘दूरस्थानक’ ही मालिका केव्हाच संपली. लेखकाने त्यातल्या बऱ्याच गोष्टी न सांगताच सोडून दिल्या आणि त्या आमच्या अंगावर पडल्या. न समजलेल्या प्रसंगांतून थिअऱ्या निघाल्या, थिअऱ्यांतून वाद आणि वादांतून किस्से. थिअरी आजवर एकही सिद्ध झालेली नाही. किस्से मात्र साठतच चाललेत!

आम्ही रविवारी सकाळी कर्वेनगरला आपटेकाकांच्या फ्लॅटवर जमतो. काका निवृत्त गणित शिक्षक. वैदेही जनावरांची डॉक्टर. वानखडे मूळचा यवतमाळचा, वाघोलीजवळ एका कारखान्यात सुपरवायझर. मी हडपसरला आयटीत. आणि आपटेकाकू. घर त्यांचंच, त्यामुळे त्यांना पर्याय नाही.

*

मालिकेतला इंजिनिअर एका दारातून निघतो तेव्हा त्याच्या पायात काळे बूट असतात. पलीकडे पोचतो तेव्हा तपकिरी! वानखडेने यावर समांतर विश्वाची थिअरी मांडली. कागदावर आकृत्या काढून.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “कपडेपटवाल्याची चूक,” ते म्हणाले.

वानखडे दुखावला. “काका, एवढ्या मोठ्या मालिकेत चूक होत असते का?”

पुढच्या रविवारी वानखडे घाईघाईत आला. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात राखाडी.

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. “या! कुठल्या विश्वातून आलात?”

*

मालिकेतला रोबो मधेच एका भागात बोलायचा थांबतो, तो शेवटपर्यंत अवाक्षर काढत नाही. का, ते कोणीही सांगत नाही. वैदेहीच्या मते ते बंड. माझ्या मते फसलेला अपडेट. वानखडेच्या मते तो प्रेमात पडलाय. तिघेही एकदम बोलत होतो.

काकू पोह्यांवर खोबरं भुरभुरत होत्या. “त्याने तुमचं ऐकलं असेल,” त्या म्हणाल्या. “म्हटलं असेल, आपण कशाला आणखी भर घालायची!”

*

मालिकेतली कॅप्टन एकदा एका खोलीचं दार उघडते, आत बघते, खुदकन हसते आणि दार लावून निघून जाते. आत काय होतं, ते शेवटपर्यंत दाखवलेलं नाही. वैदेही बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हेच विचारायची.

एक जण म्हणाला, “असलं काही मी बघत नाही.” तो गेला. दुसरा म्हणाला, “इंटरनेटवर आहे उत्तर, लिंक पाठवतो.” तो त्याहून लवकर गेला.

तिसऱ्याने बराच वेळ विचार केला. “मला नाही माहीत,” तो म्हणाला. “पण ती तशी हसली, म्हणजे आत तिच्या ओळखीचं कोणीतरी असणार.”

वैदेहीने तिथेच होकार दिला. मुलाची आई मात्र बावरली. “कोण हसली? कुणाच्या खोलीत?”

*

एकदा मालिकेचा लेखक पुण्यात कार्यक्रमाला आला. वानखडे रजा टाकून पहिल्या रांगेत. शेवटच्या भागात स्थानकावरचे सगळे दिवे एकाएकी विझतात, त्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्याला कित्येक महिने छळत होता. माइक हातात येताच त्याने तो विचारला.

लेखक प्रामाणिक माणूस. म्हणाला, “शूटिंगच्या वेळी जनरेटर बंद पडला. शॉट बरा वाटला, म्हणून ठेवला.”

सगळं सभागृह हसलं. वानखडे खाली बसला. कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये आला. गाडीला किल्ली लावताना म्हणाला, “लेखकालेच समजली नाही ना बाप्पा मालिका!”

*

मालिकेत एक म्हातारा वैमानिक आहे. तो एका लहान यानातून एकटाच दूर निघतो. परत येण्याची खात्री नसते. निघण्याआधी तो बायकोच्या कानात काहीतरी सांगतो. आवाज येत नाही, ओठ दिसत नाहीत. या एका प्रसंगावर आमच्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी बाकी सगळ्यांवर मिळून झाली नसतील.

गेल्या वर्षी काकांची बायपास ठरली. आम्ही तिघेही हॉस्पिटलमध्ये होतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा काकांनी काकूंना खुणेने जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या. दार लागलं.

त्या दिवशी कोणीच थिअरी मांडली नाही. वानखडे चहा आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. कशाला गेलो होतो, हेच विसरला होता. डॉक्टर बाहेर येऊन “व्यवस्थित झालं” म्हणाले, तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागली. एसीमुळे होतं, असं त्याचं म्हणणं.

काका घरी येऊन सावरल्यावर पुन्हा रविवार सुरू झाले. शेवटी मीच धीर केला. “काका, त्या दिवशी काकूंच्या कानात काय सांगितलंत?”

“भुलीत होतो. आठवत नाही.”

“भूल नंतर दिली!” वैदेही म्हणाली.

काकांनी पेपर उघडला. आम्ही तिघे काकूंकडे वळलो.

“त्यात काय एवढं!” काकू रिकामे कप गोळा करत म्हणाल्या. “त्या वैमानिकाने बायकोला जे सांगितलं ना, अगदी तेच!”

आणि ट्रे उचलून आत गेल्या.