एकही रकाना कोरा नाही

शेजारच्या कमलमावशींचा फोन आला तेव्हा मी नगरला वर्गात हजेरी घेत होते. "तुझी आई उठंना गं, लवकर ये..." एवढंच त्या म्हणाल्या. पाथर्डीकडचं आमचं गाव गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. रक्तदाब चढून मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना होत आला.

दिवाळीनंतर भाऊ-वहिनी ऊसतोडीला गेले की सई आणि ओम आईजवळ राहत. पोरं उंडारतात म्हणून मी शहाणपण पाजळायला गेले. मास्तरीण पडले ना! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. दात घासणं, अंथरूण काढणं, पाढे. आई बीपीची गोळी विसरायची, म्हणून चौथी ओळ तिची. वर नियमही केला: महिनाभर एकही रकाना कोरा राहिला नाही तर पोरांना कारखान्यावर आईबापाकडे नेईन, एक जरी चुकला तरी नाही. "लई कडक हाय बया तुझी शाळा," आई हसली होती. तिला लिहिता येत नव्हतं, पण बरोबरची खूण ती जीभ दातांत धरून, अगदी जपून करायची. मी रोज फोनवर विचारायचे, "गोळी?" आणि ती म्हणायची, "घेतली की."

दहाव्याच्या दिवशी भाऊ तक्त्यापुढे उभा राहून म्हणाला, "एक दिस चुकली न्हाई बघ, तरी गेली." मीही तेच धरून बसले होते. दैवाला शिव्या घालणं सोपं असतं. संध्याकाळी नऊ वर्षांची सई मला गोठ्यामागं घेऊन गेली. "आत्या, आजीच्या गोळ्या आठ दिस आधीच संपल्या हुत्या. आजी म्हनली, आत्याला सांगू नको, तुमची आईची भेट हुकंल. बाजारच्या दिशी आनते, म्हनली. पन बाजारला जानंच झालं न्हाई..." मग तिचा बांध फुटला. "मी सांगाय पायजे हुतं का?"

मी तिला पोटाशी धरलं. "न्हाई गं बाळा, चूक माझी. नियम माझा होता." हे भावाला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

तक्ता भिंतीवरच आहे. आईच्या शेवटच्या आठ खुणा दोनदा गिरवलेल्या आहेत. महिना भरायला दोन दिवस उरले होते. पोरांना आईबाप भेटले... आजीच्या तिरडीपाशी.