पट्टीचं दुसरं टोक

वाशिमजवळच्या मालेगावात आमचं फर्निचरचं दुकान आहे. प्लायवर अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी ठेवून तिच्यावरून करवतीचं मशीन ढकललं, की काप सरळ येतो. वाशिमला आम्ही दोन पट्ट्या पाहिल्या. महागडीच्या खाली जाड रबर होतं, ती प्लायला चिकटून बसायची. स्वस्त पट्टीचं रबर पातळ होतं, तिला प्लायला आवळून धरायला क्लॅम्प लागणार होते. "सरळ तर दोन्ही हायेत, महाग कायले घ्याची?" म्हणत मोठ्या भावानं स्वस्त घेतली. क्लॅम्प घेतलेच नाहीत.

दसऱ्याच्या पूजेआधी वहिनीनं सगळी हत्यारं तेलानं पुसली. पट्टीही पुसली, खालून-वरून. तिला काय बोलणार? हत्याराला तेल लावतातच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भावानं मशीन सुरू केलं. समोरचं टोक नेहमीसारखं मी तळहातांनी दाबलं होतं. करवत माझ्याकडे येत असताना पट्टी हाताखाली गुपचूप सरकली. करवत तिरपी होऊन अडकली अन् माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर बंद पडली.

भावानं पट्टी फडक्यानं पुसली. रबरात मुरलेलं तेल तसं निघत नाही.

"आता तरी क्लॅम्प आणू," मी म्हटलं.

"कायले? तू हायेस ना धराले," तो म्हणाला, अन् त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं.