बुजगावण्याचा आवाज

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच, की सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीचा बुजगावण्याचा पिक्चर पुढे का गेला नाही, तर माझं उत्तर तयार असायचं. "आपल्याकडे कार्टूनला कुठं किंमत आहे?" समोरचा मान हलवायचा आणि विषय संपायचा. हे उत्तर मी इतक्या जणांना दिलं की मधले काही दिवस मलाही ते खरं वाटू लागलं होतं. ते खोटं आहे. तो पिक्चर मी बिघडवला, आणि बिघडवल्यावर त्याबद्दल दोन वेगवेगळ्या माणसांशी दोन वेगवेगळ्या प्रकारे खोटं बोललो. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. शेवटची काही वर्षं शिरूर कासार तालुक्यातल्या एका शाळेत होतो. तिथं एक मुलगी होती. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ही आत्याकडे राहून शिकायची. निबंधाच्या वहीत समासात चित्रं काढायची म्हणून मी तिला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. पुढे ती पुण्याला जाऊन ॲनिमेशन शिकली. मी निवृत्त होऊन बीडला राहायला आलो, तेव्हा एक दिवस लॅपटॉप पाठीला लावून ती घरी आली. म्हणाली, "सर, पहिल्यांदा तुम्हीच बघा."

बारा-तेरा मिनिटांचा पिक्चर होता. सगळा कोळशानं कागदावर काढलेला. गोष्ट तिच्या आईची. शाळेत जाण्याआधी हीही आईबापाबरोबर जायची, तेव्हा उसाच्या फडावरच्या खोपीत आई हिला सांगायची ती. सगळं गाव ऊसतोडीला जातं, गाड्यांमागे कुत्रीही जातात. ज्वारीच्या रानात एक बुजगावणं तेवढं मागे राहतं. काळ्या मडक्याचं डोकं, चुन्याचे डोळे. रिकाम्या गावातून दारांच्या कड्या वाजताना त्याला ऐकू येतात. मग ते रानातून उतरून गावात येतं आणि दारोदार जाऊन हाका मारतं, "ए आक्के, हायस का घरात?" कुणी नसतं हे त्याला माहीत असतं. पण घरांना एकटं वाटू नये म्हणून ते रोज हाका मारत राहतं. उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्या परत येताना दिसतात तेव्हा ते धावत रानात जाऊन आपल्या जागी उभं राहतं. घाईत जरा वाकडं उभं राहतं, इतकंच.

हे सगळं तिच्या आईच्या आवाजात होतं. उसाच्या पाचटाची धूळ वर्षानुवर्षं घशात गेलेला, खरखरीत आवाज. मुलीनं घरीच, उलट्या बादलीवर मोबाइल ठेवून आईला बोलतं केलं होतं. गोष्ट सांगता सांगता आई मध्येच खोकली होती. एके ठिकाणी घरात शिरलेल्या कोंबडीला "हाड, हाड गं" म्हणाली होती. मुलीनं त्यातलं काही कापलं नाही. आई खोकली तिथं बुजगावणं भिंतीला टेकून थांबलं. कोंबडीला हाकललं तिथं चित्रात एक कोंबडी आली, बुजगावण्यानं तिला हाकललं, आणि गोष्ट पुढे गेली.

"आधी आवाज, मग चित्रं," तिनं मला समजावलं. "एका सेकंदाला बारा चित्रं, सर. आई 'आ' म्हणते तिथं मडक्याचं तोंड उघडतं. तिचा श्वास संपला की ते मिटतं."

मी म्हणालो, "छान आहे." मला रडू येत होतं, ते मी दाखवलं नाही.

शाळांमध्ये दाखवायचे छोटे पिक्चर निवडणारी एक समिती तेव्हा होती. भाषेचा माणूस म्हणून मीही तिच्यात होतो. मीच तो पिक्चर तिथं नेला. आम्ही पाचजण होतो. पिक्चर सुरू झाला, "ए आक्के, हायस का घरात?" ही हाक आली आणि शेजारी बसलेल्या बाई हसल्या. पदरानं डोळे पुसत हसल्या. बाकीचेही हसले. मी मान खाली घातली.

त्या हसण्याबद्दल सांगायला हवं. माझा बाप धारूरच्या डोंगरात शेळ्या राखायचा. मी शिकायला बीडच्या वसतिगृहात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी "गावाकडं गेलतो" असं म्हणालो, तर सगळी खोली हसली होती. पुढे वर्षभर मला त्याच नावानं हाक मारायचे. मी दोन वर्षांत भाषा बदलली. इतकी बदलली की बाप भेटायला आला की मी त्याला फाटकाबाहेर नेऊन बोलायचो. पुढे हजारो पोरांच्या वह्यांतलं 'हाय' आणि 'न्हाई' लाल शाईनं खोडलं. त्यामुळे त्या दिवशी बाई हसल्या त्या कशाला हसल्या, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला ते माहीतच आहे.

समितीनं पिक्चर घेतला. भाषेबद्दल कुणीही चकार शब्द काढला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मुलीला मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर बोलावलं. ती पुण्याहून येत होती. ढाब्यावर चहा घेताना मी तिला सांगितलं, "पिक्चर घेतलाय. पण समितीचं म्हणणं आहे, भाषा प्रमाण हवी. लेकरं ऐकतात तसं लिहितात."

ती माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलायची. त्या दिवशी 'का'ऐवजी तिच्या तोंडून निघून गेलं, "कावून, सर?"

"हेच बघ," मी म्हणालो. "हेच टाळायचंय."

"पण चित्रं आवाजावर काढलीत. आवाज काढला तर खाली काय ऱ्हातंय?"

"चित्रं तीच राहतील. आवाज तेवढा बदल."

"कोण म्हणलं समितीत?"

"सगळेच."

तिनं कप बाजूला सारला. मग म्हणाली, "आईनं समद्या गल्लीला सांगितलंय." मी म्हणालो, आईला मी समजावीन. मी कधी समजावलं नाही.

तिनं पुण्यातल्या एका चांगल्या अभिनेत्रीकडून आवाज करून घेतला. स्वच्छ, गोड आवाज. वाक्यं मीच लिहून दिली होती, शुद्ध. ती मूळच्या वाक्यांपेक्षा लवकर संपत होती. चित्रं पुन्हा काढणं शक्य नव्हतं, त्यात तिची तीन वर्षं गेली होती.

शाळांत पाठवायच्या आधी पहिला खेळ तिच्याच गावात करायचा, ही कल्पना माझी. चैत्रात, माणसं ऊसतोडीहून परत आल्यावर. दुपारी शाळेच्या वर्गात खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. पोरं पुढे, बाया मागे भिंतीला. तिची आई धुतलेलं लुगडं नेसून मधोमध बसली होती. मला बघून उठली, हात जोडले.

पिक्चर सुरू झाला. पहिलं वाक्य आलं आणि मागे कुजबुज सुरू झाली.

"अगं, ही कोण बया?"

"तू हायस म्हनलीस ना यात?"

"लई शेरातली झालीस की गं! तितं ऊस तोडीत व्हतीस का साळंत गेलतीस?"

बाया हसल्या. तीही हसली, पदर तोंडावर घेऊन. पुढे कोंबडी आली तेव्हा नव्या आवाजात "हाड" नव्हतं, ते मीच गाळलं होतं. कोंबडी नुसतीच आली आणि गेली. एका पोरानं विचारलं, "कोंबडी कावून आली?" कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मग ते तोंड. अभिनेत्रीचं वाक्य संपायचं, तरी मडक्याचं तोंड हलत राहायचं. दाराशी उभं राहून बुजगावणं काहीतरी सांगायचं आणि काहीच ऐकू यायचं नाही. भिंतीला टेकून ते थांबायचं, तर का थांबलं ते कळायचं नाही. पोरांना त्यात गंमत सापडली. "मडकं मुकं झालं, मडकं मुकं झालं!" म्हणत सगळी तोंडं उघडमिट करायला लागली. मुलगी प्रोजेक्टरपाशी उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

पुढे तो दोन-तीन शाळांत दाखवला गेला असेल. मास्तरांनी कळवलं, पोरांना समजत नाही. मग तो कपाटात गेला.

काही महिन्यांनी समितीतल्या त्याच बाई मला भेटल्या. म्हणाल्या, "अहो, त्या पोरीनं पहिला आवाज का काढला? मी त्या आवाजासाठीच तर घ्या म्हटलं होतं. माझी आई अस्सं बोलायची, ती हाक ऐकली आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. तो आवाज परत लावता येईल का, विचारा की तिला."

परत लावायला एक दिवस लागला असता. चित्रं त्याच आवाजाची होती, आवाज मुलीपाशी होता, बाई मागत होत्या. मी फक्त खरं बोलायचं होतं. पण खरं बोललो असतो तर मुलीला कळलं असतं की समिती काहीच म्हणाली नव्हती. मी बाईंना म्हणालो, "तिनंच काढला हो. नव्या मुलांना गावाकडचं बोलणं नको असतं. जुना आता तिच्याकडे नाही म्हणते."

बाई हळहळल्या.

मुलीनं त्यानंतर स्वतःचं काही केलं नाही. ती पुण्यात मोबाइलवरच्या खेळांसाठी चित्रं काढते, फुटणारे फुगे, उड्या मारणारी फळं. एकदा मला म्हणाली, "बरं चाललंय सर. यात कुणी बोलत नाही."

मला ते तोंड दिसतं. नात कार्टून बघत बसते, मी शेजारी असतो, आणि माझं लक्ष गोष्टीत नसतं. ससा असो, हत्ती असो, मी फक्त त्यांचं तोंड आवाजाबरोबर मिटतं का ते बघतो. नात म्हणते, "आजोबा, तुम्ही घाबरता का कार्टूनला?" घरात कुणी नसताना कुणी दार वाजवलं की मी चटकन उठत नाही. दारात ते मडकं उभं असेल, तोंड हलत असेल आणि मला ऐकू येणार नाही, असं वाटतं. म्हातारपणाचे भास म्हणून मी ते कुणाला सांगितलेले नाहीत.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी मुलीला पाठवला आहे. अजून उत्तर नाही. ती जे म्हणेल ते मला मान्य आहे. पण तिच्या आईला आता काही पाठवता येत नाही. ती दोन हंगामांपूर्वी फडावरच ताप अंगावर काढून गेली.

ती असताना मी एकदा गेलो होतो. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. एसटीत वाटभर वाक्य जुळवत होतो. ती अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"या गुरुजी, या. लई दिसांनी," ती म्हणाली. घोंगडी अंथरली, चहा ठेवला. मग उंबऱ्यावर बसली, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "गुरुजी, एक सांगू का? माजं चुकलं बगा."

"तुमचं?"

"मी बोलाया नगं व्हतं त्यात. पोरगी म्हनली, बोल, म्हून बोलले. मला कुटं चांगलं बोलाया येतंय? घसा ह्यो असा. मोठ्या मान्सांना न्हाई पटला, ते बरूबर हाय त्यांचं. पर माज्यापायी पोरीची समदी म्हेनत वाया गेली. तिनं तवापासून कागदाला हात न्हाई लावला. तुमी तिला सांगा की, म्हनावं आईचं चुकलं, तू काड चित्रं."

मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. पुढ्यातच ती होती. शेजारी कुणी नव्हतं. घाईही नव्हती, परतीची गाडी तासाभरानं होती.

"सांगाल ना, गुरुजी?"

"सांगतो," मी म्हणालो. "चहा छान झालाय."

मला सोडायला ती सडकेपर्यंत आली. वाटेत रानाचं, शेळीचं, मुलीच्या आत्याच्या गुडघ्याचं बोलत होती, आणि तो आवाज मी पहिल्यांदाच, चित्रांशिवाय, इतका वेळ ऐकत होतो. गाडी आली. तिनं पायाला हात लावायला वाकू नये म्हणून मी मागे सरलो. पायरीवर चढून वळलो. वाक्य तोंडात होतं, शब्दन् शब्द: बाई, तुमच्या आवाजात काही खोट नव्हती. तो कुणीही नाकारला नाही, मी एकट्यानं काढला, आणि तुमच्या लेकीशी खोटं बोललो. मला माफ करा.

ती खाली उभी राहून वर बघत होती.

"येतो," मी म्हणालो.