जळलेल्या झाडांना फूट

पावस गावाच्या वरच्या अंगाला आमची थोडी वरकस जमीन आहे, डोंगरउताराची. तिथे भात होत नाही. शेजारीपाजारी सगळ्यांनी काजू लावला. माझ्या बायकोने मात्र ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ अशी रानातलीच झाडं लावली. बिया तिनेच वेचलेल्या, रोपं दुधाच्या पिशव्यांत वाढवलेली.

"खाणार कोण ह्यांची फळं?" मी चिडवायचो.

"ककणेर खातील. तुम्हाला कोण देतंय?" धनेश पक्ष्याला आमच्याकडे ककणेर म्हणतात.

झाडं तिच्या खांद्याला लागली, आणि मी ती जाळली.

मुद्दाम नव्हे. खालच्या तुकड्यात भाताच्या रोपांसाठी भाजावळ करायची होती. पालापाचोळा, गवत पसरून जमीन भाजून घ्यायची. उतारावर आग वरून लावतात, वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू खाली आणतात. मला जेवणाची घाई. खालून काडी लावली. बघता बघता आग उतार चढून गेली.

घरी सांगितलं, "सड्यावरचा वणवा उतरला." सडा म्हणजे आमच्या जमिनीच्या वरचा कातळाचा माळ.

दुसऱ्या दिवशी ती रोपवाटिकेत काजूची कलमं सांगून आली. "वैशाख सरायच्या आत खड्डे मारा. फिटली माझी हौस."

ते वाक्य मला खात राहिलं. रोज सकाळी कळशी घेऊन काळ्या खुंटांना पाणी घालायला जाऊ लागलो. शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "काय रे, कोळशाला मोड आणतोस काय?"

आले मोड! भर वैशाखात, कातळ तापलेला, आभाळात ढग नाही, आणि जांभळीच्या बुडातून तांबूस कोंब. मागोमाग ऐनाला, किंजळीला. बेहडे गेले ते गेलेच. पण बाकी रान मुळापासून उठलं. धावत घरी आलो, बायकोला वर नेलं आणि तिथेच, त्या कोंबांसमोर, सगळं ओकून टाकलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "सड्यावरचं गवत शाबूत ठेवून वणवा उतरला कसा?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

आणि तिथूनच मोबाईल लावून तिने कलमं नको म्हणून सांगितलं.

आता ती झाडं घराच्या कौलांहून उंच आहेत. मध्यंतरी काही अभ्यासक मंडळी झाडांनी हवेतला कार्बन किती धरला ते बघायला आली होती. बुंध्यांना टेप लावत होती. चहा देताना हिने सगळ्यांदेखत विचारलं, "आमच्या ह्यांनी केलेला धूर फिटला का हो एवढ्यात?"

"फिटून वर शिल्लक आहे, वहिनी."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.