नाताळचे पिक्चर आणि उघडे घड

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर खंडेराव निफाडची द्राक्षबाग मुलगा सुनील आणि सून साधना यांच्यावर सोपवून नाशिकला लेकीकडे आले. डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. नातीला, सायलीला, नाताळची सुटी लागली होती. रोज दुपारी नाताळचा एक पिक्चर लावायचा आणि आबांनी शेजारी बसायचं, असा तिचा नेम.

खंडेराव काळा चष्मा लावून बसत. पण पडद्यावर बर्फ पडू लागला की त्यांचं लक्ष निफाडला जाई. बागेत घडांमध्ये साखर भरत होती. या दिवसांत थंडी वाढली की मणी गुलाबी पडतात, आणि तसा माल परदेशी जात नाही. म्हणून घडाघडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. अर्धी बाग झाली, आणि कामाला आलेली सावळीरामची ख्रिस्ती मजुरांची टोळी नाताळसाठी पेठकडच्या आपल्या गावी गेली. सुटी खुद्द खंडेरावांनी दिली होती. "सणाला माणूस घरी पाहिजे. सव्वीसला सकाळी येतील," असं ते सुनीलला म्हणाले, तेव्हा पारा बारावर होता.

चोवीसला तो सहावर आला.

"आबा, हा माझा सगळ्यात आवडता," सायली म्हणाली. वादळात अडकलेला बाप नाताळच्या जेवणाला घरी पोचतो की नाही, अशी गोष्ट होती. छपरांवर हातभर बर्फ.

"तिकडं द्राक्षं लावत नसतील," खंडेराव पुटपुटले.

"आबा, पिक्चर बघा ना."

त्यांनी सुनीलला फोन लावला. "पारा किती?"

"सकाळी सांगितला तेवढाच. तुम्ही पिक्चर बघा. मी अन् साधना दोघंच कागद लावतोय. सण झाला की येतीलच तुमचे सावळीरामबुवा."

"शब्द दिलाय त्यानं."

"शब्द घडाला गुंडाळता येत नाय, आबा."

पंचवीसला सायलीने मुद्दाम समुद्रकाठच्या नाताळचा पिक्चर शोधून काढला. लोक उघड्या अंगाने वाळूत बसून केक खात होते. खंडेराव दहा मिनिटं रमले, मग पुन्हा फोनकडे बघू लागले.

सव्वीसला सकाळी सातपासून फोन त्यांच्या हातात. आठ वाजले, नऊ वाजले. सुनील उचलेना. सायलीने आणलेला चहा साय धरून बसला.

दहाला सावळीरामचाच फोन आला. "आबा, एस.टी. चुकली. टेम्पो करून आलोय. घरची बी आणलीत, पंधरा जण हाय." मग तो अडखळला. "कडेच्या चार ओळी गुलाबी पडल्यात. त्या गुंडाळू का सोडू?"

"सोडा. मधल्या धरा." खंडेराव म्हणाले. "सुनील काय म्हणतो?"

"काय नाय. खाली बसून कागद फाडून देतोय आम्हाला."

फोन ठेवल्यावर खंडेरावांनी चष्मा काढून पुसला. चार ओळी आपण दिलेल्या सुटीपायी गेल्या होत्या, आणि हे सुनीलला आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.