पुण्याला गेलेलं दूध

माझी लेक पुण्यात संशोधन करते. काय करते, हे मला बरीच वर्षं सांगता यायचं नाही. मी चौथी शिकलेली. कुणी विचारलं तर "प्रोटीन बघते" म्हणायचे. लोक विचारायचे, नुसतं बघून काय मिळतं? मलाही तेच वाटायचं.

एकदा तिनं मला कळेल असं सांगितलं. गाईला दगडी होते, कास सुजते, दुधात गाठी येतात. आपल्याला ते दिसतं तोवर उशीर झालेला असतो आणि पुष्कळदा कासेचं एखादं सड कायमचं जातं. पण आजार सुरू होताच दुधात एक प्रोटीन वाढतं. ते ओळखायला तिनं कागदाची बोटभर पट्टी केली होती. दुधाचा थेंब टाकायचा, प्रोटीन वाढलं असलं तर लाल रेघ उमटते. त्या पट्टीत तिची सहा वर्षं गेली. प्रयोगशाळेत ती बरोबर चालायची. गोठ्यातल्या दुधावर चालली नाही तर काम बंद, असं तिच्या वरच्यांनी बजावलं होतं.

मी म्हणाले, "मग आपल्या अवसरी गावचं दूध ने."

आमचं घर धरून दहा घरी मी बाटल्या वाटल्या. सकाळच्या धारेचं दूध लेक बर्फाच्या डब्यातून घेऊन गेली. संध्याकाळी फोन आला. दहाही बाटल्यांना लाल रेघ.

"आई, सगळ्याच गाई आजारी कशा असतील? माझी पट्टीच खोटी आहे."

धीर द्यायला मला जमत नाही. मी फोन ठेवला. पण त्या गाई माझ्या डोळ्यांसमोरच्या. बहुतेक धडधाकट होत्या.

सकाळी डेअरीत थोरली जाऊ भेटली. तिला विचारलं, "बाटलीत दूध कसं भरलंत?"

"कसं म्हंजे? बाटली धुतली, दूध वतलं, मिठाचा खडा टाकला, झाकण लावलं."

खडा मीही टाकला होता. आमच्याकडे दूध दुसऱ्याच्या घरी निघालं की नजर लागू नये म्हणून मीठ टाकतात. हात आपोआप जातो.

"मग डेअरीच्या दुधात का टाकत नाही?" मी विचारलं.

"डेअरीवाला काय बघतोय? मापतो न् वतून घेतो. तुझी पोरगी मशिनी लावून बघणार. एवढं निरखल्यावर गाय आटल न्हाई तर काय!"

बाकीच्या घरी फिरले. सगळीकडे तेच. शेवटच्या घरची सून म्हणाली, "आमी न्हाई टाकलं बाई." आतून सासू ओरडली, "म्या टाकलंय."

लेकीला फोन करून खरं ते सांगितलं.

"आई, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. ओरडायचं तर ओरड, पण पट्टी फेकू नकोस."

ती आधी चिडली, मग हसत सुटली. मग खडा केवढा होता, हे खोदून खोदून विचारत बसली. तिनं तिथं मीठ घालून पाहिलं. निरोगी दुधालाही रेघ आली. मिठानं पट्टी फसत होती.

पुढच्या खेपेला बाटल्या भरताना ती स्वतः उभी राहिली. जाऊ अडून बसली, "बिनमिठाचं दूध माझ्या दारातून जायाचं न्हाई." शेवटी मिठाची पुरचुंडी डब्याच्या कडीला बाहेरून बांधली. "आता बघा म्हणावं किती बघायचं ते," जाऊ म्हणाली.

या वेळी दोनच बाटल्यांना रेघ आली. एक जावेच्या गाईची, एक माझ्या तांबडीची. मी लेकीला सांगितलं, तुझी पट्टी चुकली. कास मऊ होती, दूध स्वच्छ. जन्मभर धारा काढल्यात मी, मला शिकवू नकोस.

तिसऱ्या सकाळी तांबडीच्या मागच्या डाव्या सडातून गाठी पडल्या. डॉक्टरांना बोलावलं. तिथून तशीच जावेकडे गेले आणि म्हटलं, "तुमची गाय दाखवून घ्या. पट्टी खरी होती, माझं चुकलं." तिनं तोंड वाकडं केलं, पण दाखवली. वेळेवर औषध मिळाल्यानं तिच्या गाईला गाठी आल्याच नाहीत. माझ्या गाईचं सडही वाचलं, पण औषध जास्त दिवस चाललं.

लेकीचं काम बंद झालं नाही. आता तिला लोणी गावच्या गोठ्यांवर जायचंय. मी बरोबर जाणार आहे. ती शिकलेली आहे, पण बायका बाटली भरताना कुठं बघायचं, ते तिला अजून कळत नाही.